बडोद्यात बसून जीन नेटवर्क: माझा एमएस्सी प्रोजेक्टचा अनुभव

प्रोजेक्टला मी फॅटी लिव्हरचा डेटा घेतला, म्हणजे कुठल्या सॅम्पलमध्ये कुठला जीन किती चालू आहे त्याचे आकडे, जीईओ नावाच्या ऑनलाइन साठ्यावर फुकट मिळतो तो. त्यामुळे सगळं काम घरीच, दांडिया बाजारात, आणि आजी रोज विचारणार "काय गं, आज पण कॉलेज नाही?"

नेटवर्कसाठी डब्ल्यूजीसीएनए वापरलं, २००८ साली लँगफेल्डर आणि होर्वाथ यांनी आणलेलं, आर या प्रोग्रामिंग भाषेचं पॅकेज. जे जीन सॅम्पलगणिक एकत्र वरखाली होतात त्यांचे गट पाडायचे, गटांना रंगांची नावं मिळतात, कुठेच न बसणारे राखाडीत. १५ पेक्षा कमी सॅम्पल असतील तर करूच नका असं पॅकेजवालेच सांगतात. माझा लॅपटॉप ८ जीबीचा, आणि प्रत्येक जीन प्रत्येकाशी ताडायचा, त्यामुळे १२,००० जीन म्हटले की १२,००० गुणिले १२,००० चा तक्ता, म्हणजे एका तक्त्यालाच १ जीबीच्या वर, आणि असे दोन-तीन लागतात, मग हँग होणारच ना. शेवटी ज्यांच्यात जास्त चढउतार आहे असे ५,००० ठेवले. एक मैत्रीण म्हणाली पेशंट आणि नॉर्मलमध्ये फरक दिसतो तेवढेच घे, पण ते करायचं नसतं, ते सगळे एकमेकांना चिकटलेलेच असतात, मग एकच मोठा गट पडतो.

खरी गंमत पुढे, गटात कुठले पाथवे, म्हणजे एकच काम मिळून करणारे जीनचे संच, आहेत ते बघताना. बहुतेक वेबसाइट आपोआप माणसाचे सगळे २०,००० जीन बॅकग्राउंडला, म्हणजे तुलनेसाठी, धरतात. आता समजा गटात ३०० जीन आणि पाथवेत १००, तर नुसत्या योगायोगाने दीड जीन सापडायला हवा. पण लिव्हरमध्ये चालू असतात समजा १०,०००, आणि हे १०० त्यातलेच, म्हणजे योगायोगानेच ३ येणार! लिव्हरच्या डेटात लिव्हरचे पाथवे सापडले यात कसली आलीय शोधाशोध. म्हणून मी बॅकग्राउंडला फक्त नेटवर्कमध्ये घेतलेले जीन दिले, वर बेंजामिनी-हॉकबर्ग करेक्शन (खूप पाथवे एकदम तपासताना नुसत्या योगायोगाने येणारे निकाल गाळायला), आणि भलीमोठी यादी पार आटली. पटकन जीएसईए ही पाथवे तपासायची दुसरी पद्धत पण लावून पाहिली, त्यात कटऑफ नसतो, सगळे जीन क्रमाने लावतात. फॅटी ॲसिड जाळण्याचा पाथवे दोन्हीकडे टिकला, तोच थिसिसमध्ये मुख्य ठेवला.

वायव्हात बॅकग्राउंडबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, सगळा वेळ जीनचे गट दाखवणाऱ्या त्या रंगीत झाडाच्या चित्रावरच गेला.