साडेतीनची बैठक

4 ऑगस्ट 2025 रोजी सोमवार होता आणि सोमवारी दुपारी साडेतीनला आमच्या कार्यालयात आठवड्याची आढावा बैठक असते. लंडनमध्ये तेव्हा सकाळचे अकरा वाजतात. म्हणजे ओव्हलवर भारत-इंग्लंड मालिकेतल्या पाचव्या आणि शेवटच्या कसोटीच्या पाचव्या दिवसाचा पहिला चेंडू आणि आमच्या पडद्यावरची पहिली स्लाइड यांचा मुहूर्त एकच निघाला होता. इंग्लंडला जिंकायला 35 धावा हव्या होत्या आणि त्यांचे चार गडी शिल्लक होते, त्यांपैकी एकाचा खांदा निखळलेला. मला मात्र गेल्या महिन्यातल्या तक्रारी सरासरी किती दिवसांत निकाली निघाल्या, हे सांगायचे होते. फोन वहीच्या आड, आवाज बंद करून ठेवला होता. हे काही शोभणारे वर्तन नाही, याची मला जाणीव आहे; पण त्या दिवशी खोलीतल्या बऱ्याच जणांच्या वह्या नेहमीपेक्षा जरा उभ्याच होत्या.

माझ्या अस्वस्थतेचे खरे कारण सामना नव्हता, तर आदल्या दिवशी मी लिहिलेली एक ओळ होती. रविवारी प्रसिध कृष्णाच्या चेंडूवर हॅरी ब्रूकने उंच फटका मारला, सीमारेषेपाशी मोहम्मद सिराजने झेल व्यवस्थित पकडला आणि तोल सावरताना त्याचा पाय मागे सीमेच्या गादीवर पडला. प्रसिधने आनंदाने हात वर केले होते, ते तसेच डोक्यावर गेले. ब्रूक तेव्हा 19 धावांवर होता. बाद होण्याऐवजी त्याला सहा धावा मिळाल्या आणि पुढे त्याने 111 धावा केल्या. त्याने आणि ज्यो रूटने मिळून 195 धावांची भागीदारी रचली. ती भागीदारी चालू असताना शाळेतल्या मित्रमैत्रिणींच्या व्हॉट्सॲप गटावर मी लिहिले, ‘याला सीमारेषा दिसत नाही का? अख्खी मालिका याच्या पायदळी गेली.’ त्या ओळीखाली काही क्षणांत सात अंगठे उमटले. एवढी दाद मला त्या गटावर वर्षभरात मिळाली नव्हती, आणि खोटे कशाला बोलू, मला ती आवडलीही.

सामना संपला नव्हता, दिवससुद्धा संपला नव्हता. पाण्यात म्हैस आणि वर मोल म्हणतात, त्यातला हा प्रकार. त्याहून वाईट हे, की ज्याच्यावर मी मालिका घालवल्याचा ठपका ठेवला, तो त्या मालिकेतले पाचही सामने खेळणारा आमचा एकमेव वेगवान गोलंदाज होता. मालिका संपली तेव्हा त्याच्या नावावर 185.3 षटके, म्हणजे 1,113 चेंडू जमा होते. तीनच आठवड्यांपूर्वी लॉर्ड्सवर शेवटचा गडी म्हणून तो रवींद्र जडेजाला साथ देत तीस चेंडू उभा राहिला होता, आणि शोएब बशीरचा बॅटने नीट अडवलेला चेंडू घरंगळत मागे जाऊन यष्टीला लागला होता. भारत 22 धावांनी हरला. त्या संध्याकाळी तो खेळपट्टीवर वाकून बसला होता, ते पाहून मला भरून आले होते. तरीही रविवारी मला आठवला तो केवळ त्याचा पाय.

त्याच वर्षीच्या मार्चअखेरीस मी एका अहवालात संपूर्ण स्तंभ एक ओळ खाली सरकवून ठेवला होता. फेब्रुवारीचे आकडे मार्चपुढे, जानेवारीचे फेब्रुवारीपुढे, असा सगळा गोंधळ. दोन दिवसांनी तो माझ्या लक्षात आला, तेव्हा मी फाइल उघडली, स्तंभ जागेवर आणला आणि त्याच नावाने ती पुन्हा चढवून ठेवली. वरिष्ठांना कळले नाही, कोणी विचारले नाही, आणि मीही आपण होऊन सांगितले नाही. माझा पाय गादीवर पडताना सहा कोनांतून, मंद गतीने, पुन्हा पुन्हा दाखवणारे कोणी नव्हते. माझ्या कामाला धावफलक नाही, ही केवढी मोठी सवलत आहे, हे मला त्या बैठकीत प्रथमच नीट जाणवले.

खेळापुरते हे असते तर एवढे लिहायचे कारण नव्हते. गुणफलक आणि बातम्या आता एकाच पडद्यावर, एकाच आकाराच्या अक्षरांत येतात आणि बोटाला लागलेली सवय दोन्हीकडे सारखीच चालते. 8 मेच्या रात्री धर्मशाला येथे पंजाब आणि दिल्ली यांचा आयपीएलचा सामना चालू होता. पंजाबच्या एक बाद 122 धावा झाल्या असताना मैदानावरचे दिवे एकेक करून गेले, सामना थांबला आणि प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले. पहलगाम येथील हल्ल्यानंतर भारताने 7 मे रोजी केलेल्या कारवाईमुळे सीमेवर तणाव होता. त्याच रात्री काही दूरचित्रवाहिन्यांनी कराची बंदरावर हल्ला झाल्याच्या बातम्या चालवल्या. निवेदकांचा सूर सामन्याच्या शेवटच्या षटकातला होता. मी साडेअकराच्या सुमारास तशी एक चित्रफीत घरच्या गटावर पुढे पाठवली. बाबांनी खाली एवढेच विचारले, ‘हे कोणी सांगितलं?’ मला उत्तर देता आले नाही, कारण कोणी सांगितले हे मी पाहिलेच नव्हते. सकाळपर्यंत ती बातमी खोटी ठरली होती. बाबांनी त्यावर पुन्हा काही लिहिले नाही, आणि ते मला अधिक लागले. दुसऱ्या दिवशी स्पर्धा स्थगित झाली आणि 17 मे रोजी ती पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर 4 जूनला बंगळूरुमध्ये जे झाले त्याविषयी मी कुठेही काही लिहिले नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा आयपीएल जिंकलेल्या बंगळूरु संघाचे स्वागत करायला चिन्नास्वामी मैदानाबाहेर जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन 11 जणांचा जीव गेला. माझ्या पडद्यावर चषक उंचावल्याचे छायाचित्र आणि त्याच्या लगेच खाली मृतांचा आकडा, असे आले होते. वरच्या छायाचित्राला मी आधीच पसंती दिली होती. ती काढून घेतली. पण काढून घेण्याने नेमके काय साधले, हे मला सांगता येणार नाही.

इकडे बैठक सुरू झाली तेव्हा जेमी ओव्हर्टनने दिवसाच्या पहिल्या दोन चेंडूंवर दोन चौकार मारले. धावा उरल्या 27. मी मनातल्या मनात माझी रविवारची ओळ पुन्हा एकदा वाचली आणि, लाज वाटते पण सांगते, ती बरोबर ठरणार म्हणून क्षणभर समाधान वाटले. आपला संघ हरणार आहे आणि आपले म्हणणे खरे होणार आहे, या दोन गोष्टींतली दुसरी माणसाला इतकी गोड लागावी!

नंतर सिराज आला. आधी जेमी स्मिथ यष्टिरक्षकाकडे झेल देऊन गेला, मग ओव्हर्टन पायचीत झाला. दुसऱ्या टोकाने प्रसिधने जॉश टंगचा त्रिफळा उडवला. सतरा धावा हव्या असताना ख्रिस वोक्स बाहेर आला, डावा हात गळपट्टीत बांधून स्वेटरच्या आत दडवलेला आणि उजव्या हातात बॅट. पहिल्याच दिवशी क्षेत्ररक्षण करताना त्याचा खांदा निखळला होता. त्याला एकही चेंडू खेळावा लागला नाही, फक्त धावावे लागले, आणि धावताना प्रत्येक पावलाला त्याचा चेहरा आक्रसत होता. आवाज बंद असलेल्या पडद्यावर ते अधिकच स्पष्ट दिसते. समालोचक नसल्यामुळे त्याचे धैर्य कोणत्या विशेषणात बसवायचे, हे ठरवायची घाई नव्हती. गस ॲटकिन्सनने सिराजला उंच मारले, सीमेवर आकाश दीपच्या हाताला लागून चेंडू बाहेर गेला आणि षटकार झाला. सात धावा उरल्या. सिराजचा यॉर्कर थेट यष्टीवर गेला. इंग्लंड सर्वबाद 367, भारत 6 धावांनी विजयी आणि मालिका 2-2 अशी बरोबरीत. कसोटीत धावांच्या हिशेबाने भारताने इतक्या थोडक्यात सामना त्याआधी कधी जिंकला नव्हता.

खेळ तासाभराच्या आत आटोपला होता. आमची बैठक मात्र अजून चौथ्या स्लाइडवर होती. वरिष्ठांनी सरासरी किती दिवस, असे विचारले. मी आकडा सांगितला; तो बरोबर होता, कारण मार्चनंतर मी प्रत्येक स्तंभ दोनदा तपासते. ‘ठीक आहे,’ असे म्हणून ते पुढच्या स्लाइडकडे वळले.

बैठक संपल्यावर जिन्यात उभी राहून मी गट उघडला. रविवारची ती ओळ काढून टाकण्याची सोय तोवर उपलब्ध होती आणि माझे बोट त्या ओळीवर गेलेही होते. पण माझ्याआधी तिथे शाळेतला आमचा यष्टिरक्षक पोहोचला होता. त्याने माझी ओळ उद्धृत करून खाली लिहिले होते : ‘सिराज, 104 धावांत 5 बळी. दिसली का सीमारेषा?’ त्याखाली आदल्या दिवशीचेच सात जण अंगठे घेऊन हजर होते. मी माझी ओळ तशीच राहू दिली आणि आठवा अंगठा उमटवला.