अकरावा दिवस

सकाळी इनक्युबेटर उघडला. आत ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. बाहेर सोलापूर ४२ वर. एका रुग्णाच्या कॅन्सरच्या गाठीतून वाढवायला ठेवलेल्या पेशी आत मजेत असतील असं वाटलं होतं. मायक्रोस्कोपखाली बघते तर जेलच्या थेंबात पेशींचे मोजून तीन गोळे धरलेत, आणि कडेने फायब्रोब्लास्ट (गाठीसोबत आलेल्या, मला नको असलेल्या आधाराच्या पेशी) रानात हराळी माजावी तसे माजलेत.

पोटाच्या गाठीचा तुकडा हरभऱ्याएवढा होता. बर्फातून आला. आधी अँटिबायोटिकमध्ये चांगला धुतला (पोटातले जंतू डिशमध्ये आले की दोन दिवसांत सगळं गढूळ), मग ब्लेडने बारीक करून एन्झाइममध्ये ठेवून त्यातल्या पेशी सुट्या केल्या. नळीवर फक्त कोड नंबर. नाव कळत नाही, कळूही नये. तरी हा माणूस चादरीच्या कारखान्यात असेल का, घरी कोण असेल, असं उगाच मनात येतं.

घरी भाकरी थापता थापता आईने विचारलं, "वाढल्या का गं तुझ्या पेशी?" कॅन्सर वाढू दे म्हणून सिद्धेश्वराला हात जोडणारी गावात मीच असेन!

तीन गोळे नव्या जेलमध्ये हलवलेत. ते जेल उबेला लगेच घट्ट होतं, म्हणून पिपेटच्या टिपसुद्धा फ्रीजमधल्या. शुक्रवारी बघू. काही धरलं तर मग त्यांच्यावर औषधं लावून बघायची.