बारा ते चार

मे महिन्यात नागपुरात लाइन गेली की ती आधी कानाला कळते. कूलरची घरघर बंद पडते, ताट्यांवरचं उरलंसुरलं पाणी टाकीत टपटपत राहतं आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडतं, "तुमची पण गेली का हो?" त्या दुपारी आमची गेली तेव्हा लॅपटॉप ४१ टक्के बॅटरी दाखवत होता. एक प्रोग्रॅम कंपाइल करून, म्हणजे लिहिलेल्या कोडचं यंत्राला चालवता येईल असं रूप करून, संध्याकाळी पाठवायचा होता. एरवी वीस मिनिटांचं काम.

मी हुशारी केली. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रोसेसरचा वेग कुणी सांभाळायचा हे आपल्याला ठरवता येतं. सांभाळणाऱ्याला गव्हर्नर म्हणतात. हा राजभवनातला नव्हे, वाफेच्या इंजिनावर दोन गोळे गरगरायचे ना, त्या जातीचा. 'परफॉर्मन्स' वेगाच्या वरच्या टोकाला ठाण मांडतो, 'पॉवरसेव्ह' खालच्या टोकाला आणि 'ऑनडिमांड' कामाचा रेटा बघून वर-खाली करतो. मी पॉवरसेव्ह लावला. २४०० मेगाहर्ट्‌झचा जुना प्रोसेसर ८०० वर आला, आतला पंखा गप्प झाला आणि मी निवांत झालो. पन्नासेक मिनिटांनी लॅपटॉप बंद पडला. कंपाइल अजून संपलं नव्हतं.

ही हुशारी वडिलोपार्जित आहे. बाबा पंखा नेहमी एकवर ठेवायचे. "एकवर ठेव, बिल कमी येते." भिंतीवर जुना चौकोनी डबा रेग्युलेटर होता. त्याला हात लावला की चटका बसायचा, कारण पंख्याला न मिळालेल्या विजेतली बरीचशी तिथंच, आतल्या तारेच्या वेटोळ्यात तापून जायची. शाळेत हे शिकल्यावर मी मोठ्या ऐटीत बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "असू दे. सर्दी तर नाही होत."

प्रोसेसर मंद केल्याने वीज वाचते हे खोटं नाही, पण खरी बचत मंदपणात नसते. वेग कमी केला की व्होल्टेजही कमी करता येतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने उतरतो. इंटेलने २००० साली स्पीडस्टेप आणलं तेव्हाचा ६५० मेगाहर्ट्‌झचा मोबाइल पेंटियम थ्री बॅटरीवर ५०० ला यायचा, आणि व्होल्टेज १.६ वरून १.३५ वर. गुणाकार करून बघा: वेग गेला तेवीस टक्के, वीज वाचली पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास. सौदा झकास आहे. पण व्होल्टेजला तळ असतो. एकदा तळ गाठला की त्याखाली वेग कितीही उतरवा, तेवढ्याच कामाला तेवढीच वीज लागते, फक्त काम लांबतं. ते लांबेपर्यंत स्क्रीन, मेमरी, डिस्क सगळी मंडळी जेवायला बसलेलीच असतात. शिवाय चिपमधून नुसती गळून जाणारी वीज तापमानाबरोबर वाढते, आणि नवतप्यातल्या नागपुरात तापमानाची काय कमी!

माझ्या घरात हे शास्त्र आईला केव्हाच कळलेलं आहे. उन्हाळ्यात ती पाचला उठते. नळ असेपर्यंत कूलरची टाकी भरून ठेवते, स्वयंपाक, कपडे, गच्चीवर सरगुंडे आणि कुरड्या वाळत घालणं, सगळं नऊच्या आत. मग किरकोळ कामं, जेवण, आणि बारा वाजता ओल्या फडक्याने पुसलेल्या फरशीवर आडवी. चारपर्यंत ती घरात नसल्यात जमा. कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहिणारे याला 'रेस टू आयडल' म्हणतात: काम झटपट उरक आणि झोप. (मात्र ऊर फुटेस्तोवर धावायचं नाही. टर्बोमध्ये, म्हणजे प्रोसेसर नेहमीच्या वेगाच्याही वर पळतो तेव्हा, व्होल्टेज इतकं चढतं की वाचवलेलं तिथंच जातं. बॅटरीवर असताना मी टर्बो बंद ठेवतो.)

प्रोसेसरच्या झोपेतही प्रकार असतात. वरवरच्या डुलकीत नुसतं घड्याळ थांबतं. गाढ झोपेत कॅश (प्रोसेसरची हाताशी असलेली छोटी मेमरी) रिकामी करून कोअरची, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाची, वीजच तोडतात, पण तिथून उठायला वेळ लागतो, म्हणून सलग झोप मिळणार असेल तरच ती परवडते. जुन्या लिनक्समध्ये घंटा घरातच होती. कर्नेलचा टायमर सेकंदाला १००० वेळा, पुढे २५० वेळा प्रोसेसरला उठवायचा, काम असो नसो. २००७ मध्ये २.६.२१ या आवृत्तीत ती टकटक थांबवायची सोय आली. त्याच वर्षी इंटेलने पॉवरटॉप आणलं. कोण किती वेळा उठवतंय याची यादी ते समोर ठेवतं. माझ्या यादीत पॅनेलवरचं सेकंदासकट वेळ दाखवणारं घड्याळ निघालं, आणि ब्राउझरमधलं एक पान, ज्याच्यावर कसलीशी जाहिरात लुकलुकत होती. ते पान मी दोन दिवसांपूर्वी उघडून विसरलो होतो. सेकंद काढून टाकले. सेकंदांवाचून माझं काही अडलं नाही.

आता गव्हर्नर शेड्यूटिल आहे, कर्नेलमध्ये २०१६ ला आलेला. ऑनडिमांड ठरावीक वेळाने डोकावून बघायचा, याला कामं वाटणारा शेड्यूलर स्वतःच सांगतो. मी त्याच्या कामात लुडबुड करत नाही. (नवा लॅपटॉप घेतलेल्यांसाठी जाता जाता: इंटेलच्या नव्या ड्रायव्हरमधला पॉवरसेव्ह नावाने तोच, पण वागायला वेगळा. तो तळाला बसून राहत नाही, काम बघून वर चढतो. नावावर जाऊ नका.)

आईची यादी मी पॉवरटॉपशिवायच केली. कुरियरवाला, आरओवाला, इस्त्रीवाला, सोसायटीची वर्गणी. मग बेलवर पुठ्ठा चिकटवला आणि जाड मार्करने लिहिलं: 'दुपारी १२ ते ४ बेल वाजवू नये.'

दुसऱ्या दिवशी अडीचला बेल वाजली. दारात घामाने निथळलेला पोरगा, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, हातात खोकं. पुठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "भाऊ, चारनंतर येऊ का मग?"

आतून आईचा आवाज आला, "कोण आहे रे? आणि तू उन्हात दार उघडं ठेवून काय करून राहिला?"