पेनड्राइव्ह आधी लिनक्सवर

माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान कॉलेजसमोर आहे. सबमिशनच्या दिवसांत शॉर्टकट व्हायरस हटकून येतो. पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर गायब आणि त्या जागी एकच शॉर्टकट. त्यावर डबल क्लिक केलं की फाईल दिसते, पण मागच्या दाराने व्हायरसही मशीनमध्ये शिरतो. अँटीव्हायरस ओरडायचा, पण बऱ्याचदा वरात निघून गेल्यावर.

सगळं दुकानच लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) न्यायचं मनात होतं. पण लग्नपत्रिकांच्या जुन्या फाईली श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या, आणि आमची श्रीलिपी विंडोजवर. मग कोपऱ्यातल्या विंडोज एक्सपीच्या जुन्या डब्याकडे लक्ष गेलं. एक्सपीचा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, ८ एप्रिल २०१४ लाच संपलेला, त्यामुळे त्याला इंटरनेट दाखवायचीही सोय नव्हती. त्यावर लिनक्स मिंट हा लिनक्सचाच एक प्रकार टाकला. तो बिनबोभाट चढला, प्रिंटरच्या ड्रायव्हरने मात्र अख्खा रविवार खाल्ला.

सोमवारी एक मुलगी रडकुंडीला येऊन उभी. "दादा, माझा प्रोजेक्ट उडाला का हो?" पेनड्राइव्ह मिंटवर लावला. तो शॉर्टकट होताच, पण शेजारी बिननावाचा एक फोल्डरही होता. विंडोजवर तो लपवलेला, म्हणून दिसत नव्हता; लिनक्स लपवल्याची ती खूण मानतच नाही. आत प्रोजेक्ट जसाच्या तसा. शॉर्टकटवर मुद्दाम क्लिक केलं, काही झालं नाही. त्याला विंडोजचा प्रोग्रॅम चालवायचा होता, तो इथे चालणार कसा? (म्हणूनच लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं वाइन हे सॉफ्टवेअर या मशीनवर टाकलेलं नाही.)

पण "लिनक्सला व्हायरस लागत नाही" असं कोणी म्हणालं की मी मान हलवत नाही. मॅकवाले असंच म्हणायचे, आणि २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या मालवेअरने सहा लाखांच्या आसपास मॅक धरले. शिवाय वर्डच्या फाईलमधला मॅक्रो (फाईलच्या आत बसलेला छोटा प्रोग्रॅम) लिनक्सवर गप्प बसला, तरी फाईल पुढे गेली की तोही पुढे जातो. म्हणून गिऱ्हाइकाची वर्ड फाईल मी लिनक्सवरच्या लिब्रेऑफिसमध्ये उघडतो, पीडीएफ करतो आणि तेवढीच पुढच्या मशीनवर नेतो. जोडाक्षरं कधी तुटतात, तेव्हा गिऱ्हाइकालाच पीडीएफ करून आणायला सांगतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून पत्रिकांच्या मशीनची इंटरनेटची वायर काढून ठेवलीय. श्रीलिपी नव्या मशीनवर हलवायला किती खर्च येतो, ते विचारून ठेवलंय.