मिहायलोविचची फ्री किक, आपल्या काळ्या मातीवर

13 डिसेंबर 1998 ला रोममध्ये लाझिओने सांपदोरियाला 5-2 ने हरवलं, दोन्ही इटलीतले फुटबॉल क्लब. त्यात सिनिशा मिहायलोविचचे तीन गोल होते, तिन्ही थेट फ्री किकवर. तेही बचावफळीतल्या खेळाडूचे!

जन्म 1969, आताच्या क्रोएशियातल्या वुकोवारचा. वडील सर्ब, आई क्रोएट. 1991 ला रेड स्टार बेलग्रेडने इटलीतल्या बारी शहरात फ्रान्सच्या मार्से क्लबला पेनल्टींवर हरवून युरोपियन कप जिंकला, तेव्हा त्याचीही पेनल्टी आत गेली होती. तोवर तो डावीकडचा मिडफिल्डर होता. सांपदोरियात प्रशिक्षक एरिक्सनने त्याला मागे, बचावाच्या मध्यात आणलं. माझ्या मते कारकिर्दीतला सगळ्यात शहाणपणाचा बदल हाच. 'सेरी आ'मध्ये, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये, त्याने फ्री किकवर 28 गोल केले.

आता त्या किकचं तंत्र. आधार पाय, म्हणजे ज्यावर उभं राहून किक मारतो तो, चेंडूच्या बाजूला एक वीत अंतरावर. घोटा ताठ. अंगठ्याच्या सांध्यामागचं हाड चेंडूच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर, मध्याच्या किंचित खाली लागलं पाहिजे. डावखुऱ्याने डावा अर्धा धरला तर चेंडू उजवीकडे वळतो, फणीतल्या केळ्यासारखा. उजव्या पायाचं बरोबर उलट. मध्यावर लागला तर चेंडू सरळ समोर उभ्या खेळाडूंच्या भिंतीत. शरीर मागे झुकलं तर बारवरून.

जळगाव-भुसावळकडे अडचण जमिनीची. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, वर बारीक धूळ बसते आणि आधार पाय नेमका त्या क्षणी सरकतो. म्हणून आधी पाय पडणारी जागा झाडून, थोडं पाणी मारून दाबून घ्या. भिंतीसाठी 9.15 मीटरवर पाच बांबू रोवा, जमिनीवर माणसाएवढे, आणि त्यांना पोती गुंडाळा. चेंडू पाच नंबरचा, 410 ते 450 ग्रॅम. सकाळी गच्च भरून उन्हात ठेवलेला चेंडू दुपारी दगड होतो, म्हणून किक मारण्याआधी हवा तपासा. वॉर्मअपनंतर एका वेळी 20-25 किक पुरे. त्यापुढे जांघेचा स्नायू धरतो आणि पोरगं पंधरा दिवस बसून राहतं. मे महिन्यात सराव सूर्य वर यायच्या आतच संपवा.

2006 ला खेळ थांबवून मिहायलोविच इंटर क्लबमध्ये प्रशिक्षक मान्चिनीचा सहायक झाला. पुढे बोलोन्या, कातानिया, फिओरेन्तिना, सर्बियाचा राष्ट्रीय संघ, सांपदोरिया, मिलान, तोरिनो आणि पुन्हा बोलोन्या. जुलै 2019 मध्ये रक्ताचा कर्करोग निघाला, तरी 25 ऑगस्टला वेरोनाविरुद्ध तो बाकावर हजर होता. 16 डिसेंबर 2022 ला, 53 व्या वर्षी तो गेला.

प्रशिक्षक म्हणून त्याचा एक निर्णय आपल्या शाळासंघांच्या सरांनी जरूर बघावा. 25 ऑक्टोबर 2015 ला मिलानच्या गोलात त्याने अनुभवी दिएगो लोपेझऐवजी 16 वर्षांचा दोन्नारुम्मा उभा केला. सामना सासुओलोशी. पोराला गोल बसला तो सासुओलोच्या बेरार्दीच्या फ्री किकवर, जवळच्या खांबाकडून. मिलान 2-1 ने जिंकलं, पण त्या गोलावर बोलणं झालंच. आपल्याकडे असा गोलकीपर पुढच्या सामन्यात बाहेर बसतो. तीन दिवसांनी किएवोविरुद्ध मिलानच्या गोलात पुन्हा दोन्नारुम्माच होता, आणि त्या सामन्यात त्याच्यावर एकही गोल झाला नाही.