किती वाजता लागलं?

शाळेत खेळ शिकवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या काळात मुलांची मनगटं मोडली, घोटे मुरगळले, एकाचे पुढचे दोन दात आम्ही सगळ्यांनी गुडघे टेकून गवतात शोधले (एकच सापडला). त्या कशानंच माझी झोप उडाली नाही. ज्या प्रसंगानं उडाली, त्यात रक्ताचा थेंबही सांडला नव्हता.

आंतरशालेय फुटबॉलचा उपांत्य सामना. आमचा एक पोरगा आणि समोरच्या संघातला एक, दोघंही एकाच चेंडूला डोकं लावायला उडाले आणि डोक्यावर डोकं आदळलं. आमचा पोरगा पडला, लगेच उठला, चड्डीची माती झटकली. "सर, मी एकदम ठीक." मी त्याला पाणी पाजलं आणि परत आत पाठवलं. मध्यंतरात त्यानं विचारलं, "सर, स्कोअर काय झालाय?" मी सांगितलं. बुटाची नाडी बांधून झाली आणि पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्या हाफमध्येही तो खेळला.

रात्री उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस दवाखान्यात काढून पोरगा खडखडीत बरा झाला, ते नशीब. तिसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. आवाज चढवला नाही. त्यांनी विचारलं, "किती वाजता लागलं?" मला सांगता आलं नाही. "नंतर किती वेळ खेळला?" तेही नाही.

आमच्या वरिष्ठांनी कपाटातून संमतीपत्र काढून पुढे सरकवलं. 'खेळताना होणाऱ्या दुखापतीस शाळा जबाबदार राहणार नाही.' खाली त्या वडिलांचीच सही. त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "ही सही त्याला खेळू द्या म्हणून केली होती. लागल्यावर पुन्हा खेळवा म्हणून नव्हती."

त्यांनी दावा लावला नाही. पण त्या वाक्यानं मला कायद्याची पुस्तकं उघडायला लावली, आणि तिथे पानापानावर तेच वाक्य वकिली भाषेत भेटत गेलं. खेळ म्हटला की थोडंफार लागणार, तेवढा धोका खेळणाऱ्यानं पत्करलेला असतो. शिकवणाऱ्याचा निष्काळजीपणा मात्र त्यात धरत नाहीत. इंग्लंडमध्ये तर १९७७ पासून कायदाच आहे: संस्थेच्या निष्काळजीपणामुळे कुणाला शारीरिक इजा झाली किंवा जीव गेला, तर 'आम्ही जबाबदार नाही' या कलमाचा तिला काही उपयोग नाही. आमचं ते कपाटातलं पत्र आठवून मला घाम फुटला.

हे ऐकलं की सहकारी म्हणतात, मग खेळच बंद करा ना. त्यांना मी इंग्लंडमधल्याच, १९८० च्या एका शालेय रग्बी सामन्याबद्दल सांगतो. टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडताना, सोळा वर्षांच्या एका मुलाच्या मानेला जबर इजा झाली आणि त्यानं शाळेवर दावा लावला. १९८९ मध्ये अपील न्यायालयानंही निकाल शाळेच्या बाजूनं दिला, कारण टॅकल कसं करायचं हे तिथे नीट शिकवलेलं होतं. मुलांचा विमा उतरवायला शाळा कायद्यानं बांधील नव्हती, असंही न्यायालय म्हणालं. आता याच्या उलट टोकाचं प्रकरण बघा. पंधरा वर्षांखालच्या संघात एका शाळेनं वयात न बसणारा दांडगा मुलगा उतरवला, त्याच्या टॅकलनं समोरच्याचा हात मोडला. टॅकल नियमाला धरून होतं. तरी २००७ मध्ये शाळा दोषी ठरली, कारण चूक संघाची यादी करतानाच झाली होती.

या सगळ्याच्या मुळाशी तिथलाच १८९३ चा एक निकाल आहे: काळजी घेणारा बाप घेईल तेवढी काळजी शिक्षकानं घ्यावी. माझं या मापाशी थोडं भांडण आहे. बापाला एक-दोन पोरं सांभाळायची असतात, माझ्या शिट्टीवर बेचाळीस धावतात. पण डोक्याला मार लागलेलं पोर तेच तेच विचारतं, ते कशाचं लक्षण असतं, हे बापाला माहीत नसलं तर चालेल. मला माहीत असायला हवं होतं.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००६ साली तेरा वर्षांच्या एका मुलाचं डोकं अमेरिकन फुटबॉल खेळताना आपटलं. त्याला थोडा वेळ बाहेर बसवलं आणि मध्यंतरानंतर पुन्हा उतरवलं. सामन्याच्या शेवटी तो कोसळला. मेंदूवर तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागली, पुढची कित्येक वर्षं बोलणं-चालणं नव्यानं शिकण्यात गेली. २००९ मध्ये तिथे कायदा झाला, त्याला त्या मुलाचंच नाव आहे. कन्कशनची, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसलेल्या धक्क्याची, नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर, आणि वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत आत नाही. पाचेक वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. हे वाचताना 'मध्यंतरानंतर' या शब्दापाशी मी बराच वेळ अडकलो होतो.

तेव्हापासून शिट्टीच्या दोरीला पेन बांधलेलं असतं आणि खिशात वही. वेळ, काय लागलं, कुणी पाहिलं, काय केलं, घरी फोन किती वाजता. मुलं चेष्टा करतात. परवा एक जण म्हणाला, "सर, मला मुंगी चावलीय, लिहा." सामन्याआधी गोलपोस्ट हलवून बघतो, लांब उडीच्या वाळूत पाय फिरवतो, तेही लिहितो. पोहणं शिकवायला बाहेरचा माणूस येतो, त्याचीही नोंद माझ्या वहीत असते. काम बाहेर दिलं म्हणून शाळेची जबाबदारी बाहेर जात नाही, हेही ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये पोहण्याच्याच एका प्रकरणात सांगितलंय.

माझा एक मित्र वकील आहे. तो म्हणतो, "अरे, तू स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हातानं लिहून ठेवतोयस." खरंय त्याचं. वहीचं पहिलं पान त्या उपांत्य सामन्याचं आहे, आठवडाभरानं लिहिलेलं. वेळेच्या रकान्यात प्रश्नचिन्ह आहे.