सात वर्षांनी कॅथरीन परतली

१ जानेवारी २०२३, रविवार, हॅलिफॅक्स, इंग्लंड

बीबीसीची पोलीस मालिका ‘हॅपी व्हॅली’ परत आली एकदाची. आटलेल्या जलाशयात मानवी सांगाडा सापडतो, गणवेशातली सार्जंट कॅथरीन केवुड तिथं पोचते, कवटीचे दात पाहते आणि हा कोण ते सांगून मोकळी होते. साध्या कपड्यातले तपास अधिकारी तिला काही कळत नसल्यासारखे बोलायला जातात आणि गप्प होऊन उभे राहतात. ‘हॅपी व्हॅली’च्या तिसऱ्या पर्वाची ही सुरुवात. पहिली पाच मिनिटं मी श्वास रोखून बसले होते. इतक्या वर्षांनी परतलेल्या मालिकेत ओळखीची माणसं कधीकधी अनोळखी वाटतात, तीच भीती होती. पण कॅथरीन झालेल्या सॅरा लँकेशरनं गाडीतून पाय बाहेर टाकला आणि भीती गेली. तीच चाल, थकलेली आणि तरी न थांबणारी.

आई साताऱ्याहून आली आहे, मार्चपर्यंत इथंच. तीही शेजारी बसली होती. यॉर्कशरचे उच्चार तिला समजत नाहीत, म्हणून खाली अक्षरं लावली होती. अर्ध्या तासात तिनं कॅथरीनचं नाव ‘फौजदारीणबाई’ ठेवलं. शेवटी कळतं की सोळा वर्षांचा रायन आपल्या बापाला भेटायला गुपचूप तुरुंगात जातो आहे. तेव्हा आईनं मान फिरवून विचारलं, “अगं, पण बाप म्हणजे नक्की कोण? ह्या बाईचा जावई का?”

जावई नव्हे. तेच तर सगळं आहे.

२ जानेवारी, सोमवार

बँक हॉलिडे, म्हणजे सगळ्यांना सुट्टी. आईला मागचं सगळं सांगत बसले. सांगता सांगता लक्षात आलं की ही गोष्ट गुन्ह्याच्या क्रमानं सांगताच येत नाही, घराच्या क्रमानं सांगावी लागते.

कॅथरीनला दोन मुलं, डॅनियल आणि बेकी. बेकीवर टॉमी ली रॉइस नावाच्या माणसानं बलात्कार केला. त्यातून रायन झाला, आणि तो काही आठवड्यांचा असताना बेकीनं गळफास घेतला. नवरा म्हणाला, हे बाळ घरात नको. कॅथरीन म्हणाली, बाळ राहणार. संसार मोडला, डॅनियल दुरावला. हेरॉईनमधून बाहेर पडलेली बहीण क्लेअर सोबतीला राहिली आणि दोघी बहिणींनी मिळून ते पोर वाढवलं. कॅथरीन तपास खात्यातलं वरचं पद सोडून पुन्हा गणवेशात, रस्त्यावरच्या कामात आली. २०१४च्या एप्रिलमध्ये पहिला भाग लागला तेव्हा हे सगळं आधीच घडून गेलेलं होतं. रॉइस दुसऱ्याच गुन्ह्यात शिक्षा भोगून बाहेर आलेला होता. बेकीच्या बाबतीत त्याच्यावर कधी खटलाच झाला नाही.

म्हणजे बहुतेक मालिका जिथं संपतात तिथून ही सुरू होते. प्रेत सापडतं, कोणी मारलं ते शोधायचं, सापडला की दिवे बंद, असा हिशोब इथं नाही. कोणी केलं ते पहिल्याच तासात माहीत असतं. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं रोज सकाळी उठून डबा भरायचा, पोराला शाळेत सोडायचं, कामावर जायचं, आणि त्या पोराच्या चेहऱ्यात कोण दिसतं ते बघायचं की नाही हे रोज ठरवायचं. मला ही मालिका प्रिय आहे ती एवढ्यासाठी.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या पोराचा काय दोष?” दुसऱ्या कोणाचं तरी पोर असावं तसं नाही, आपल्या वाड्यातलं असावं तसं म्हणाली.

१४ जानेवारी, शनिवार

आईला घेऊन आगगाडीनं हेब्डन ब्रिजला गेले. हॅलिफॅक्सहून जेमतेम पंधरा मिनिटं. वाटेत सॉवर्बी ब्रिज लागतं. मालिका लिहिणारी सॅली वेनराइट तिथंच वाढली. ही काल्डर नदीची दरी. दोन्ही बाजूंना चढ, चढावर काळवंडलेल्या दगडाची घरं. कापड गिरण्यांचा धूर दगडात मुरला तो अजून निघालेला नाही. हेब्डन ब्रिजला जागाच इतकी कमी की घरावर घर आहे: खालच्याचं दार खालच्या रस्त्यावर, वरच्याचं वरच्या. आई दर वळणावर थांबून मोजत होती की हे एक घर की दोन.

सुंदर आहे, हेही लिहायला हवं. कालव्यातल्या रंगवलेल्या बोटी, पुस्तकांची दुकानं, भरलेले कॅफे. याच गावातल्या दारू आणि नशेनं मेलेल्या तरुणांवर एका स्थानिक माणसानं माहितीपट केला होता, आणि तो पाहून वेनराइटला ही मालिका सुचली. पोलिसांच्या कामासाठी तिनं एका माजी महिला पोलीस अधिकाऱ्याचा सल्ला घेतला. ते दिसतं. कॅथरीन धावत्या गाडीत सँडविच खाते, दारुड्याला नावानं ओळखते, त्याच्या आईलाही ओळखते. कारवाईआधी खिसे चाचपते.

वर हेप्टनस्टॉलला चढून गेलो. बेकीची कबर मालिकेत तिथल्या चर्चच्या आवारात आहे. वारा इतका होता की आईनं शालीवर माझा रेनकोट चढवला. आम्ही फार थांबलो नाही.

१५ जानेवारी, रविवार

संक्रांत. आईनं सकाळी तिळाचे लाडू वळले, शेजारच्या घरी नेऊन दिले. रात्री नऊला तिसरा भाग.

बीबीसीनं यंदा सगळे भाग एकदम न सोडता दर रविवारी एकच दाखवायचं ठरवलं, ते फार बरं केलं. सोमवारी कामावर सगळ्यांचं तेवढंच पाहून झालेलं असतं, आणि आठवडाभर माणसं तर्क लढवतात. भांडतातही.

१७ जानेवारी, मंगळवार

कॅफेतल्या त्या प्रसंगातून बाहेर पडता येत नाही.

रायनला शेफील्डच्या तुरुंगात कोण घेऊन जातं? क्लेअर. स्वतःची बहीण. कॅथरीन पाठलाग करत शेफील्डला येते, बाहेरून फोन लावते, क्लेअर फोनवर दुसरीकडेच असल्याचं सांगते, आणि कॅथरीन काचेतून तिला बघत उभी असते. मग आत जाऊन समोर बसते. आरडाओरडा नाही, बंदूक नाही. दोन बायका, एक टेबल. क्लेअर झालेल्या शिवॉन फिनरनचा चेहरा त्या मिनिटांत वितळत जातो, आणि लँकेशर आवाज न चढवता एकेक प्रश्न विचारत जाते. या मालिकेत मारहाण आहे, अपहरण आहे, एका कोवळ्या पोलीस मुलीचा भीषण खून आहे. २०१४ साली त्या हिंसेवर तक्रारीही झाल्या होत्या. पण मला सगळ्यात काळोखी जागा कुठली असं कोणी विचारलं तर मी हा कॅफे सांगेन. इथं दुखावणारं माणूस वाईट नाही.

आईशी वाद झाला. तिचं म्हणणं, क्लेअरनं बरोबर केलं. “पोर आपलं रक्त शोधतंच. आज ना उद्या एकटं गेलं असतं. हिनं निदान हात धरून नेलं.” मी म्हटलं, नेलं त्याबद्दल मी बोलतच नाही, लपवून नेलं त्याबद्दल बोलतेय. ज्या बाईनं मुलीला फासावर लटकलेलं पाहिलं, तिच्या पाठीमागून त्याच माणसाकडे तिचा नातू न्यायचा आणि संध्याकाळी तिच्याच ओट्याशी उभं राहून चहा करायचा? आई म्हणाली, “सांगितलं असतं तर तिनं जाऊ दिलं असतं का?” नसतं दिलं. तरीही मी माझ्या मतावर आहे. आई तिच्या.

आईची एक गोष्ट मात्र मला पटली. ती म्हणाली, कॅथरीनला राग रायनच्या जाण्याचा नाही, ती घाबरली आहे. बाप पाहून पोर बापासारखं होईल का, ही भीती तिनं जन्मभर दाबून ठेवलेली.

२१ जानेवारी, शनिवार

सॅव्हिल पार्कवरून चालत घरी आले. पार्क म्हणजे हॅलिफॅक्समधलं मोकळं हिरवं मैदान. १९७९च्या एप्रिलमध्ये पीटर सटक्लिफनं इथं एका १९ वर्षांच्या मुलीला मारलं. १९७५ ते १९८० या काळात त्यानं १३ बायका मारल्या. वेस्ट यॉर्कशर पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी करून त्याला नऊ वेळा सोडलं होतं. कोणीतरी पाठवलेल्या बनावट ध्वनिफितीवर त्यांनी विश्वास ठेवला, फितीतला उच्चार ईशान्य इंग्लंडातल्या संडरलंडकडचा म्हणून यॉर्कशरचा सटक्लिफ संशयातून सुटत राहिला. माझ्याबरोबर काम करणारी एक बाई तेव्हा शाळेत होती. तिची आई तिला आणायला काठी घेऊन यायची.

वेनराइटचा जन्म १९६३चा. म्हणजे तीही याच दरीत, याच भीतीत मोठी झाली. दुसऱ्या पर्वात, २०१६ साली, बायकांच्या खुनांची मालिका चालू असते आणि एक पोलीस अधिकारीच आपण केलेला खून त्या खुनांमध्ये खपवून देतो. तो भाग मी तेव्हा इथं नवी असताना पाहिला होता. आज त्या मैदानावरून चालताना त्याचा अर्थ वेगळा लागला. पोलिसांवर डोळे मिटून विश्वास न ठेवणारी, आणि तरीही पोलिसातल्याच एका बाईला मध्यभागी उभी करणारी लेखिका इथंच तयार होऊ शकते.

२२ जानेवारी, रविवार

रॉइस न्यायालयातून पळाला. आई उठून दाराची कडी बघून आली.

२९ जानेवारी, रविवार

आज फक्त रायनबद्दल. रीस कॉनाह हा मुलगा पहिल्या पर्वात लहानगा होता, गुबगुबीत गालांचा, शाळेत मारामाऱ्या करणारा. आता त्याचा आवाज फुटला आहे, तो गोलकीपर आहे, कॅथरीनहून उंच वाटतो. वेनराइटनं हे पर्व मुद्दाम थांबवून ठेवलं. बापाला भेटायचं की नाही हे स्वतः ठरवण्याच्या वयाचा रायन तिला हवा होता, आणि त्यासाठी दुसरा नट घेऊन ‘काही वर्षांनी’ असं पडद्यावर लिहिणं सोपं होतं. तिनं तोच मुलगा मोठा होण्याची वाट पाहिली. दोन वेळा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळालेली, सगळे मागणी करत असलेली मालिका सात वर्षं बाजूला ठेवायला काय धीर लागतो! मधल्या काळात तिनं इथल्याच शिब्डन हॉलमधल्या अ‍ॅन लिस्टर या एकोणिसाव्या शतकातल्या जमीनदार बाईवर दुसरी मालिका केली.

त्या वाट पाहण्याचं फळ प्रत्येक प्रसंगात आहे. रायनच्या चेहऱ्याकडे कॅथरीन बघते तेव्हा तिच्याबरोबर आपल्यालाही तो लहान मुलगा आठवतो. हे रंगभूषेनं जमत नाही.

६ फेब्रुवारी, सोमवार

काल शेवटचा भाग. झोप नीट लागली नाही. लिहून काढते.

मला वाटलं होतं पाठलाग होईल, माळरानावर झटापट होईल. झालं ते कॅथरीनच्या स्वयंपाकघरात. रॉइस तिच्या घरात शिरून बसलेला, जखमी, समोर फोटोंचे अल्बम. त्यानं पानं उलटून रायनचं सगळं बालपण पाहिलेलं: वाढदिवस, सहली, हसणारं पोर. आणि त्याला कळतं की आपल्या मुलाला चांगलं आयुष्य मिळालं, ते या बाईमुळे. तो तिला मोठेपणानं माफ करायला निघतो. कॅथरीन ती माफी घेत नाही. तू बेकीचं काय केलंस, ते नाव घेऊन सांगते. तो पेट्रोल ओतून पेटवून घेतो, ती गोधडी टाकून त्याला विझवायला धावते. नंतर क्लेअरला फोन करून सांगते की जरा झटापट झाली, अर्थात मीच जिंकले, आणि तू विणलेली एक गोधडी बहुतेक जळाली. त्या फोनवर मी रडले. बहिणींची समेट घडली तीही अशी, गोधडीच्या निमित्तानं.

एक तक्रार. औषध विक्रेता फैसल आणि त्याच्या हातून मेलेली जोआना, हे कथानक पाच भाग वाढवत आणून शेवटी घाईघाईत गुंडाळलं. जोआनाचं घर, तिच्यावर सत्ता गाजवणारा नवरा, हे इतकं खरं उतरलं होतं की तिला आणखी वेळ मिळायला हवा होता. या मालिकेत तरी एखादी बाई नुसतं प्रेत म्हणून उरू नये.

रॉइसबद्दल आईचं आणि माझं पुन्हा जमलं नाही. तिला शेवटी त्याची कीव आली. जेम्स नॉर्टननं काम असं केलंय की यावी. मला आली नाही. आपलं पोर छान वाढलेलं पाहून डोळे भरणं सोपं आहे. बेकीसाठी ते कधी भरले नाहीत, ‘माझं तिच्यावर प्रेम होतं’ एवढंच तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. आई म्हणते, “मरताना माणसाला एवढं तरी कळलं.” मी म्हणते, त्याला काय कळलं ते महत्त्वाचं नाही, रायननं त्याच्याबरोबर पळून जायला नकार दिला ते महत्त्वाचं. त्या मुलानं कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतः दोन्ही घरं बघून ठरवलं. कॅथरीनच्या भीतीला उत्तर तिथं मिळालं. आणि खरं सांगायचं तर ते उत्तर क्लेअरनं त्याला तिकडे नेल्याशिवाय मिळालं नसतं, हे आईनं जेवताना मला ऐकवलंच.

फौजदारीणबाई आता निवृत्त. जुनी लँड रोव्हर घेतली आहे, ती चालवत हिमालयापर्यंत जायचा तिचा बेत आहे. आईला हे भारी आवडलं. सातारा वाटेत लागत नाही याचं तिला वाईट वाटतंय.

वेनराइटनं सांगितलंय की हे शेवटचं पर्व, यापुढे नाही. बरोबर आहे. रायन मोठा झाला, रॉइस गेला, पुढे ओढायला काही उरलेलं नाही. शनिवारपासून आईसाठी २०१४चं पहिलं पर्व लावायचं ठरलंय. तिला आतापर्यंत सगळं माझ्या सांगण्यावरून माहीत आहे, आणि क्लेअरच्या बाबतीत मी तिला एकतर्फी सांगितलं असा तिचा आरोप आहे.